तांब्यावर मोरपीस: थर देऊन मिनाकाम कसं करायचं

मोरपीस हातात घेऊन नीट पाहा. त्यातला डोळा सपाट निळा नसतो. मधोमध जवळजवळ काळा वाटणारा गडद निळा, त्याला बिलगून फिरोजी, मग तांबूस कडं आणि बाहेर हिरवट-सोनेरी रेघा. मिनाकाम पहिल्यांदा करणाऱ्याला मी हेच नक्षीकाम सुचवते. यातला निळा, फिरोजी आणि हिरवा हे तिन्ही रंग तांब्यावर सहज बसतात, आणि तांबूस कडं तर रंग न घालताच मिळतं. तिथे नुसती पारदर्शक काच घालायची, खालचं तांबं स्वतःच रंग देतं.

मिना म्हणजे काच. वाळू, टाकणखार, सोडा-पोटॅश यांची मऊ काच आणि तिच्यात रंगासाठी धातूंची भस्मं: कोबाल्टने निळा, तांब्याने फिरोजी आणि हिरवा, मँगनीजने जांभळा, सोन्याने गुलाबी-लाल, कथलाच्या भस्माने अपारदर्शक पांढरा. ही काच कुटून तिची पूड धातूवर पसरायची आणि साधारण 750 ते 850 अंश सेल्सियसला भाजायची. पूड वितळते आणि धातूला कायमची चिकटते. प्रकाश काचेतून आत जातो, धातूवर आपटून परत येतो आणि वाटेत रंगून बाहेर पडतो. म्हणून मिन्याचा रंग वरून फासल्यासारखा दिसत नाही, आतून आल्यासारखा दिसतो. ही जादू फक्त पातळ थरांनीच साधते. एका जाड थरात काम उरकायला गेलात, तर रंग मेला म्हणून समजा.

जयपूरची मीनाकारी आपल्या ओळखीची. तिथे सोन्याचांदीत खळगे कोरून त्यात मिना भरतात. राजा मानसिंगाने 16व्या शतकात लाहोरचे कारागीर जयपूरजवळच्या आमेरला आणले, असं परंपरा सांगते. आपण मात्र इथे कोरायचं नाही. पातळ तारेची कुंपणं उभी करून त्यांच्या आत रंग भरायचे. चीन आणि जपानमध्ये ही पद्धत फार वाढली, युरोपात तिला क्लॉइझोने म्हणतात. घरी शिकायला ती जास्त सोपी आहे, कारण कोरण्याचा हात तयार व्हायला वर्षं लागतात आणि तार वाकवायला आठवडाभरात जमू लागते.

सामान

तांब्याचा पत्रा 0.8 ते 1 मिलिमीटर जाडीचा घ्या. पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी, मुंबईत तांबा काटा इथे चौकशी करा. गावातल्या भांडीवाल्याकडेही तुकडे मिळतात. पितळ मात्र घेऊ नका. त्यात जस्त असतं, ते तापलं की मिना धरत नाही, आणि त्याचा धूरही वाईट.

तारेसाठी सराफाकडून शुद्ध, म्हणजे 999 ची चांदी घेऊन तिची चपटी तार काढून घ्या. साधारण 0.2 मिलिमीटर जाड आणि 1 मिलिमीटर उंच. दागिन्यांची नेहमीची 92.5 ची चांदी इथे चालत नाही, कारण तिच्यात तांबं मिसळलेलं असतं आणि ती भट्टीत काळवंडते.

मिन्याची पूड शिसेविरहित आणि 80 मेशची (मेश म्हणजे चाळणीच्या जाळीचं माप) घ्या. अमेरिकेतल्या थॉम्पसन कंपनीची पूड शिसेविरहित असते आणि घरी शिकणारे बरेचजण तीच वापरतात. जयपूरला मिना काचेच्या डळीच्या, म्हणजे ढेकळाच्या रूपात मिळतो आणि तो खलात कुटून घ्यावा लागतो. त्यात शिसं असू शकतं, म्हणून सुरुवातीला नकोच. या कामाला पाच रंग पुरतात: बिनरंगी पारदर्शक, पारदर्शक कोबाल्ट निळा, पारदर्शक फिरोजी, पारदर्शक हिरवा आणि मागच्या बाजूसाठी कुठलाही एक.

लाल सध्या बाजूला ठेवा, असं मी मुद्दाम सांगते. पारदर्शक लाल तांब्यावर किंवा चांदीवर थेट दिला तर तपकिरी नाहीतर पिवळट होतो. जयपूरचा प्रसिद्ध माणकासारखा लाल उच्च प्रतीच्या सोन्यावर उठून दिसतो, आणि तोही सगळ्यांत शेवटी भाजतात. जास्त आच सोसणारे कडक रंग आधी आणि नाजूक नंतर, हा मिन्याचा जुना नियम.

भट्टीसाठी प्रयोगशाळेतली छोटी मफल फर्नेस, म्हणजे बंद कप्प्याची विजेची भट्टी उत्तम. 1000 अंशांपर्यंत जाणारी आणि तापमानाचा आकडा दाखवणारी असावी. ती बरीच वीज ओढते, तेव्हा 16 अँपिअरचा सॉकेट आणि पक्कं अर्थिंग हवंच. स्वयंपाकघरातला ओव्हन या कामाचा नाही, तो 250-300 अंशांवर थांबतो. याखेरीज पदक भट्टीत ठेवायला स्टीलची तिकाटणी, लांब दांड्याचा चिमटा, जाड चामडी हातमोजे, तापलेल्या भट्टीत बघायचा चष्मा, बारीक चाळणी, दोन-तीन बारीक कुंचले, 200, 400 आणि 600 ग्रिटचे डायमंड पॅड (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका पॅड बारीक), आणि धुळीसाठी एन-95 मास्क. मास्कशिवाय पूड चाळायची नाही. काचेची बारीक धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. चाळताना पंखा बंद ठेवा, काम झाल्यावर टेबल ओल्या फडक्याने पुसा, झाडू अजिबात फिरवू नका.

पत्रा घडवणं

पानाच्या आकाराचं, सुमारे 4 सेंटिमीटर उंच आणि 3 सेंटिमीटर रुंद पदक कापा. कडेला कानस फिरवा. वरच्या टोकाला 2 मिलिमीटरचं भोक आत्ताच पाडून घ्या. काचेला नंतर भोक पाडता येत नाही.

आता पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका, म्हणजे तो मऊ पडेल. मग लाकडात खोदलेल्या उथळ खळग्यात ठेवून लाकडी हातोडीने हलका फुगवा. बशीइतका बाक पुरे. सपाट पत्रा भट्टीत वेडावाकडा होतो, फुगीर पत्रा आकार धरून ठेवतो.

मग सफाई. एक लिटर कोमट पाण्यात 100 ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक ऍसिड) विरघळवून पत्रा त्यात काळा थर सुटेपर्यंत ठेवा, बांबूच्या चिमट्याने काढा आणि बारीक खरखरीत पॅडने पाण्याखाली घासा. देवाची तांब्याची भांडी आपण चिंचेने घासतो, तसं चिंचेच्या कोळानेही चालतं. शेवटी भांड्याच्या साबणाने धुवा. स्वच्छता तपासायची खूण एकच: पत्र्यावर पाणी ओता. पाणी सलग पसरलं तर पत्रा तयार आहे. थेंब-थेंब होऊन उभं राहिलं तर बोटांचं तेल अजून आहे, पुन्हा घासा. यानंतर पत्रा फक्त कडेने धरा.

आधी पाठ

नवशिके पाठ विसरतात आणि दुसऱ्या दिवशी समोरचा मिना तडकलेला पाहून हिरमुसतात. तापल्यावर तांबं काचेपेक्षा जास्त फुगतं आणि थंड होताना जास्त आकसतं. हिशेब करा: 4 सेंटिमीटरचं तांब्याचं पदक 800 अंशांवरून खोलीच्या तापमानाला येताना अर्ध्या मिलिमीटरहून जास्त लहान होतं. समोर काच आणि मागे नुसतं तांबं असेल, तर दोघांच्या ओढाताणीत पदक वाकतं आणि काच तडकते. मागेही काच असली की ताण दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो.

पाठीवर पातळ डिंकाच्या पाण्याचा कुंचला फिरवा आणि चाळणीतून पूड एकसारखी भुरभुरवा. तांबं दिसेनासं झालं की थांबा. भट्टीवर ठेवून पूर्ण सुकवा, मग 800 अंशांना सुमारे दोन मिनिटं भाजा. समोर तारेइतका जाड मिना येणार आहे, म्हणून पाठीला असे दोन थर द्या. समोरच्या उघड्या तांब्यावर काळी पापडी धरेल. ती लिंबूसत्वाच्या पाण्यात काढा आणि समोरची बाजू पुन्हा लखलखीत घासा. या पापडीची एक कपचीही रंगावर पडली तर तो काळा ठिपका कायमचा राहतो.

बिनरंगी थर आणि तार

आता समोर बिनरंगी पारदर्शक पूड चाळा आणि 810 अंशांच्या आसपास दोन ते अडीच मिनिटं भाजा. कमी भाजलात तर थर विटकरी लाल दिसतो. पूर्ण भाजला की खालचं तांबं सोनेरी-तांबूस होऊन वर येतं. मोरपिसाचं तांबूस कडं इथेच तयार झालं. हा थर चांगला भरीव हवा, गरज पडली तर दुसरा द्या, कारण चांदीची तार यावरच उभी राहणार आहे आणि तिने खालच्या तांब्याला कधीच शिवायचं नाही.

हे मी का सांगते, ते समजून घ्या. तांबं 1085 अंशांना वितळतं, चांदी 961 अंशांना. पण दोघं एकमेकांना टेकली, तर 779 अंशांनाच दोघांचं मिश्रण वितळू लागतं. तार काचेतून खाली बुडून तांब्याला लागली, तर बघता बघता ती विरघळते आणि नक्षीतली रेघच नाहीशी होते. मी पहिल्या वर्षी अशी दोन पदकं गमावली. तेव्हापासून तार बसल्यावर भट्टी 770 च्या वर नेत नाही.

तार वाकवायला टोकदार चिमटा घ्या. नक्षी कागदावर काढा आणि एकेक तुकडा तिच्यावर ठेवून जुळवा. तार आडवी नाही, काठावर उभी बसवायची. म्हणून सरळ तुकडा कधी ठेवू नका, तो भट्टीत आडवा पडतो. प्रत्येक तुकड्याला थोडा तरी बाक हवा. मोरपिसाच्या रेघा मुळातच वळणदार असतात, ते इथे कामी येतं. डोळ्याची आतली आणि बाहेरची अशी दोन कडी आधी, मग बाजूच्या रेघा. बिहीदाण्याचा किंवा डिंक कतिऱ्याचा पातळ चिकट रस लावून तारा जागच्या जागी चिकटवा आणि सुकू द्या. 760 अंशांना दीड-पावणेदोन मिनिटं भाजा. तार काचेत जेमतेम रुतली की पदक बाहेर काढा. गार झाल्यावर चिमट्याने प्रत्येक तार अलगद हलवून पाहा. हलली तर त्या जागी थोडी बिनरंगी पूड घालून पुन्हा भाजा.

रंग भरणं

इथून पुढे घाई नको. आधी पूड धुवायची, अगदी तांदूळ धुतो तशी. काचेच्या वाटीत चमचाभर पूड घ्या, वर डिस्टिल्ड पाणी ओता, फिरवा, दहा सेकंद थांबा आणि वरचं दुधाळ पाणी ओतून टाका. पाणी नितळ येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वेळा. हा दुधाळपणा म्हणजे अतिबारीक काच. ती राहिली तर पारदर्शक रंगावर धुकं चढल्यासारखं दिसतं. ओतलेलं पाणी मोरीत सोडू नका. बरणीत साठवा, गाळ खाली बसला की वरचं पाणी काढून टाका. तळाशी जमलेली मिसळलेली पूड पुढच्या पदकाच्या पाठीला उत्तम चालते.

ओली पूड बारीक कुंचल्याच्या टोकावर घ्या आणि तारेच्या कुंपणात टेकवत टेकवत पसरवा. कोपऱ्यांत नीट जाऊ द्या. मग टिश्यू पेपरचं टोक कडेला लावून पाणी शोषून घ्या, पूड घट्ट बसेल. थर तारेच्या उंचीच्या चौथ्या हिश्शाइतका, त्याहून जाड नको. तार बुजेपर्यंत असे चार ते पाच थर होतील.

कोबाल्ट निळ्याकडे खास लक्ष द्या. तो फार तीव्र असतो, दोन थरांतच काळा पडतो. डोळ्याच्या मध्यभागी पहिला थर बिनरंगीच द्या, दुसऱ्यात निळा आणि बिनरंगी सारख्या मापाने मिसळून, आणि तिसऱ्यात निळा पूर्ण ताकदीने. तोवर खाली काचेची खोली तयार झालेली असते, त्यामुळे रंग खोल विहिरीत पाहिल्यासारखा दिसतो. निळ्यातून फिरोजीत जाताना दोन रंग एकमेकांत मिसळायचे असतील तर मध्ये तार घालू नका. ओलेपणीच दोन्ही पुडी एकमेकांच्या हद्दीत थोड्या सरकवा. पुढच्या थरात ती हद्द किंचित हलवा. थरांमधली ही सरकती सीमा दिसली की मोरपिसाची झळाळी येते. तांबूस कड्यात सगळे थर बिनरंगीच राहतील. हिरव्यात एखाद्या थराला चिमूटभर फिरोजी मिसळला तर कोवळेपणा येतो.

निळा आणखी चमकता हवा असेल तर पहिल्या थराखाली मिनाकामाची चांदीची फॉइल चिकटवता येते. मिठाईवरचा वर्ख मात्र नको, तो इतका पातळ असतो की काचेत विरून जातो.

भट्टीशी बोलणं

प्रत्येक थर भाजण्याआधी भट्टीच्या माथ्यावर ठेवून अगदी कोरडा करा. ओल राहिली तर वाफ होऊन पूड लाह्यांसारखी उडते आणि शेजारच्या रंगात पडते. भट्टी 770 वर स्थिर करा. दार उघडलं की आकडा खाली येतो, तो धरूनच चाला. आत चिमटा घालताना वीज बंद करा, चिमटा चुकून भट्टीतल्या विजेच्या वेटोळ्याला लागला तर झटका बसतो.

वेळ दीड ते दोन मिनिटं, पण घड्याळ फक्त सोबतीला. खरा निकाल डोळ्याने करायचा. पूड आधी काळवंडते. मग दाणेदार साखरेसारखी दिसते. त्यानंतर दाणे एकमेकांत जातात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. शेवटी सपाट आणि ओला चकचकीत. आतले थर संत्र्याच्या सालीवर थांबवा, पुढच्या भाजणीत ते पुरे होतात. प्रत्येक थर पूर्ण चकचकीत केलात तर एकूण भाजणी फार होते, तार खाली बुडते आणि रंग फिके पडतात.

बाहेर काढलेलं पदक भट्टीजवळच जाळीवर किंवा विटेवर ठेवा. ग्रॅनाइटच्या थंड ओट्यावर नको आणि वाऱ्याच्या झोतात तर मुळीच नको. पाण्यात बुडवण्याचा मोह टाळा. लालभडक अवस्थेत सगळे रंग काळसर दिसतात, घाबरू नका, दोन-तीन मिनिटांत एकेक करत खरे रंग परत येतात. हे पाहायला मला अजूनही प्रत्येक वेळी भट्टीपाशी उभं राहावंसं वाटतं. दोन भाजण्यांच्या मध्ये पदकाच्या कडेवरची काळी पापडी कानशीने काढून टाका. ऍसिडमध्ये मात्र आता बुडवू नका, काही रंग त्याने मंद होतात.

घासणं आणि शेवटची आच

रंग तारेच्या माथ्यापर्यंत आला की 200 ग्रिटच्या डायमंड पॅडने वाहत्या पाण्याखाली घासा. कोरडं कधीच नाही. गोल गोल घासत राहा आणि मधून मधून पुसून पाहा: घासलेला भाग मंद दिसतो आणि खड्डा चकाकतो. चकाकणाऱ्या जागी पूड भरून पुन्हा भाजा आणि पुन्हा घासा. सगळ्या तारा एका पातळीत, सलग रेघेसारख्या दिसल्या की 400 आणि मग 600 वर या. नंतर पाण्याखाली बारीक ब्रशने खरडून प्रत्येक कोपऱ्यातला चुरा काढा. राहिलेला चुरा शेवटच्या आचेत पांढुरक्या डागाच्या रूपात कायमचा बसतो.

शेवटची आच 770 अंशांना, सव्वा ते दीड मिनिट, पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत होताच बाहेर. काहींना मंद, मखमली पोत आवडतो, त्यांनी ही आच देऊ नये, 600 नंतर आणखी बारीक पॅडने घासून थांबावं. मोरपिसाला मला चकाकीच हवी असते.

दोष आणि त्यांची कारणं

पृष्ठभागावर बारीक खळी पडली तर खाली हवा अडकली आहे किंवा पूड नीट सुकलेली नव्हती. खळी टोकदार दगडाने उघडा, स्वच्छ करा, भरा, भाजा. केसासारखी तडे गेली तर पाठीचा थर पातळ आहे किंवा पदक वाऱ्यात गार झालं. पाठीला एक थर द्या आणि पुन्हा भाजा, बहुतेक तडे भरून येतात. कडेवरून मिना निघून खाली तांबं दिसू लागलं तर सफाईत कसूर राहिली होती. तेवढा भाग सोडवून घासावा लागतो, दुसरा उपाय नाही. रंग धुकट झाला तर पूड कमी धुतली गेली.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पूड ओल धरते आणि गुठळ्या होतात. बरण्या घट्ट बंद ठेवा आणि वापरण्याआधी पूड भट्टीच्या माथ्यावर थोडी वाळवा.

दागिना होताना

भोकातला मिना भाजण्याआधीच काडीने काढलेला असेल तर आता चांदीची कडी सरळ जाईल. कडीला डाख लावायचा असेल तर पदकात घालण्याआधी लावा, मिन्यावर झोत पडता कामा नये. कडा 600 ग्रिटने घासून मेण चोळा, म्हणजे तांबं हिरवं पडून गळ्याला डाग लावणार नाही. दागिने साफ करायच्या अल्ट्रासॉनिक मशिनमध्ये हा दागिना टाकू नका, मऊ फडकं आणि कोमट पाणी पुरे. फरशीवर पडून टवका उडाला तर फेकू नका. त्या जागी धुतलेली पूड भरा, सुकवा आणि 760 अंशांना भाजा, नवा तुकडा जुन्या काचेत मिसळून जाईल. म्हणून प्रत्येक पदकाला वापरलेल्या पुडीची छोटी पुरचुंडी, रंगाचं नाव आणि शेवटच्या आचेचा आकडा लिहून, त्याच डबीत ठेवत जा.